ध्रुवावरच्या रात्रीचा जमाखर्च

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात दिलेल्या भाषणाचा पाठ)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "तुझ्या अभ्यासातलं काहीतरी सांग, पण आम्हाला कळेल असं." तुमची जेवणं नुकतीच झाली आहेत, जेवणात मोदक होते आणि पंखे हळू फिरताहेत. म्हणून मी मुद्दाम थंड विषय निवडला आहे. ध्रुवीय प्रदेशातल्या हिवाळ्यात समुद्र, त्यावरचा बर्फ आणि बर्फावरची हवा यांच्यात उष्णतेची देवाणघेवाण कशी चालते, हे मी सांगणार आहे.

मी स्वतः ध्रुवावर गेलेलो नाही. महाविद्यालयात 'उष्णता' हा विषय शिकवताना एक उदाहरण म्हणून हे प्रकरण हाती लागलं आणि मग सुटलंच नाही. पण आज इथं ते सांगावंसं वाटलं याचं कारण वेगळं आहे. हा सगळा हिशेब समजायला जेवढं भौतिकशास्त्र लागतं, तेवढं आपल्याला याच इमारतीत शिकवलं गेलं आहे. वहन, अभिसरण आणि प्रारण. बर्फाची सुप्त उष्णता, जिला हल्लीच्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणतात. आणि पाण्याचं असंगत आचरण, म्हणजे होपचं उपकरण. ते पितळी नळकांडं, मधल्या खोबणीत बर्फ आणि मीठ, वर एक तापमापी, खाली एक तापमापी. परीक्षेत आकृतीला दोन गुण असायचे.

सुरुवात तिथूनच करू. होपच्या उपकरणानं आपल्याला काय शिकवलं? पाणी थंड होताना ४ अंशांपर्यंत आकुंचन पावतं, जड होतं आणि खाली जातं. ४ अंशांच्या खाली ते प्रसरण पावतं, हलकं होतं आणि वरच राहतं. म्हणून थंड देशातली तळी वरून गोठतात, तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं आणि मासे जगतात. हे तळ्याच्या बाबतीत अगदी खरं आहे. समुद्राला मात्र तो नियम लागू पडत नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. इतक्या खारट पाण्याचं असंगत आचरण नाहीसं होतं. ते गोठेपर्यंत जड होतच जातं, आणि गोठतं शून्याला नव्हे, तर उणे १.८ अंशाला. म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग थंड झाला की ते पाणी खाली बुडणार, खालचं जरा उबदार पाणी वर येणार, ते थंड होऊन पुन्हा बुडणार. हेच अभिसरण. वरून खालपर्यंत क्षार सारखेच असते, तर हजारो मीटर खोलीचं सगळं पाणी गोठणबिंदूला आल्याशिवाय वर बर्फाची साय धरलीच नसती. तेवढी थंडी एका हिवाळ्यात पुरत नाही.

मग उत्तर ध्रुवाचा समुद्र गोठतो कसा? त्याचं उत्तर नद्यांत आहे. ओब, येनिसेई, लेना या सैबेरियातल्या प्रचंड नद्या आपलं गोडं पाणी त्या समुद्रात ओततात. त्यामुळे वरचा थर कमी खारट, म्हणून हलका असतो. तो कितीही थंड झाला तरी खालच्या जास्त खारट पाण्याला भेदून खोल जात नाही. अभिसरण वरच्या थरापुरतंच चालतं आणि तो थर लवकर गोठतो.

त्या थराखाली काय आहे, हे पहिल्यांदा नीट मोजलं ते नॉर्वेच्या फ्रित्यॉफ नान्सेननं. १८९३ साली त्यानं 'फ्राम' नावाचं जहाज मुद्दाम सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात अडकवून घेतलं आणि बर्फाबरोबर वाहू दिलं. ते १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनजवळ मोकळं झालं. या तीन वर्षांत केलेल्या मोजमापांत आढळलं की वरच्या गोठणबिंदूजवळच्या पाण्याखाली, सुमारे दोनशे मीटरनंतर, शून्याच्या वरचं पाणी आहे. हे अटलांटिक महासागरातून आलेलं पाणी. खारट, म्हणून जड, म्हणून उबदार असूनही खाली. त्यात साठलेली उष्णता वरचा सगळा बर्फ वितळवायला पुरून उरेल इतकी आहे. ती वर येत नाही याचं कारण मधला क्षारतेचा पडदा. हा पडदा लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता बर्फ धरला आहे, असं समजू. नोव्हेंबर आहे. सूर्य मावळला तो आता कित्येक आठवडे, ध्रुवाजवळ काही महिने, उगवणार नाही. वर आकाश, मध्ये बर्फ, खाली समुद्र. या तिघांचा जमाखर्च असा.

पहिला खर्च प्रारणाचा. बर्फाचा पृष्ठभाग उणे ३० अंशांना असला तरी तो उष्णता बाहेर टाकतच असतो. प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे २०० वॅट. आकाश निरभ्र असेल तर हवेकडून त्यातले १६० वॅटच्या आसपास परत मिळतात. बाकीचे ४० वॅट अवकाशात गेले. आपल्याकडे निफाडला पारा उतरल्याची बातमी येते ती निरभ्र, वारा पडलेल्या रात्रीनंतर. ढगाळ रात्री तशी थंडी पडत नाही. ध्रुवावर तसंच, फक्त रात्र महिनोन्‌महिने लांब. १९९७ च्या ऑक्टोबरपासून वर्षभर कॅनडाचं एक बर्फफोडं जहाज ब्यूफर्ट समुद्रात बर्फात गोठवून ठेवलं होतं. 'शेबा' नावाची ती मोहीम. तिथल्या हिवाळ्यातल्या नोंदींत असं दिसलं की आकाशाच्या जणू दोनच अवस्था असतात. एक निरभ्र, तेव्हा चौरस मीटरमागे ४० वॅटच्या आसपास तोटा. दुसरी ढगाळ, तेव्हा तोटा जवळजवळ शून्य. आणि हे ढग नुसते हिमकणांचे नसतात. उणे वीस अंशांतही त्यांत पाण्याचे द्रवरूप थेंब टिकून असतात. तेच खालून आलेली उष्णता अडवून परत पाठवतात.

दुसरी बाब वहनाची. पृष्ठभाग थंड झाला की बर्फाच्या खालून वर उष्णता येऊ लागते. खाली समुद्र उणे १.८ ला, वर पृष्ठभाग उणे ३० ला, मध्ये दोन मीटर बर्फ. दहावीचं सूत्र वापरा, चौरस मीटरमागे सुमारे ३० वॅट येतात. पण बर्फ उघडा नसतो, त्यावर हिम पडलेलं असतं. मराठीत आपण दोन्हीला बर्फ म्हणून मोकळे होतो, इथं मात्र फरक महत्त्वाचा आहे. भुसभुशीत हिमात हवा कोंडलेली असते, त्यामुळे ते बर्फापेक्षा कितीतरी मंद वाहक आहे. फूटभर हिमाचा अडथळा दोन मीटर बर्फाइतका होतो. म्हणजे ३० वॅटचे १५ वॅट झाले. देवघरातला झिरोचा बल्ब प्रत्यक्षात साधारण तेवढीच वीज खातो. एवढ्या अफाट थंडीत समुद्राची गळती चौरस मीटरमागे एका झिरोच्या बल्बाइतकी. बर्फ हे समुद्राचं टोपण आहे आणि हिम ही त्यावरची गोधडी.

तिसरी बाब सुप्त उष्णतेची. वर जाणारे हे १५ वॅट येतात कुठून? मुख्यतः बर्फाच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी गोठतं, त्यातून. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी सोडतं, हे आपण घोकलेलं आहे. दोन मीटर जाडीचा बर्फ तयार होताना प्रत्येक चौरस मीटरमागे किती उष्णता बाहेर पडते, याचा मी विजेच्या हिशेबात आकडा काढला. सुमारे १७० युनिट. आपल्यातल्या काही जणांचं महिन्याचं बिल तेवढ्याच युनिटांचं येत असेल. उन्हाळ्यात तो बर्फ वितळायचा तर तेवढेच युनिट पुन्हा भरावे लागतात.

हे सगळं एका सूत्रात बांधलं योझेफ स्टेफान या व्हिएन्नाच्या शास्त्रज्ञानं, १८९१ मध्ये. प्रारणाच्या नियमात ज्याचं नाव आपण शिकलो तोच हा स्टेफान. ध्रुवीय मोहिमांनी आणलेले बर्फाच्या जाडीचे आकडे घेऊन त्यानं दाखवलं की थंडी सारखीच राहिली, तर बर्फाची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट जाडीला चौपट वेळ. कारण सरळ आहे. बर्फ जसा वाढतो तसा तोच उष्णतेच्या वाटेत आडवा येतो. उघड्या पाण्यावर पहिल्या दिवसात दहा सेंटिमीटर बर्फ धरू शकतो. दोन मीटर झाल्यावर तोच दिवसाला चार मिलिमीटर वाढायलाही कष्ट घेतो.

आता तुम्ही म्हणाल, टोपण घट्ट आहे, गळती थोडी आहे, मग चिंता कसली? चिंता भेगांची. वाऱ्यानं आणि प्रवाहांनी हा बर्फ सतत हलतो, फाटतो, एकमेकांवर चढतो. भेग पडली की उणे ३० ची हवा उणे १.८ च्या उघड्या पाण्याला भिडते. पाण्यातून वाफा उठतात, समुद्र पेटल्यासारखा धुमसतो. तिथून चौरस मीटरमागे चार-पाचशे वॅट निघून जातात. समजा, शंभरातला एकच भाग उघडा आहे. तरी एकूण गळतीतला जवळपास चौथा हिस्सा त्या एका भागातून होतो. काही तासांत भेग पुन्हा गोठते, दुसरीकडे नवी पडते. हिवाळाभर हे चालू असतं.

दक्षिण ध्रुवाकडे हाच प्रकार आणखी मोठ्या प्रमाणावर होतो. अंटार्क्टिकाच्या उंच हिमपठारावरून थंड वारा घसरत किनाऱ्यावर येतो आणि नुकता धरलेला बर्फ समुद्रात ढकलून देतो. किनाऱ्यालगतचं पाणी पुन्हा उघडं पडतं, पुन्हा गोठतं. बर्फाचा कारखानाच म्हणा. आणि पाणी गोठताना त्यातलं बरंचसं मीठ बाहेर टाकलं जातं. हे खारट, थंड, जड पाणी तळाकडे जातं आणि जगातल्या महासागरांच्या तळावरून हळूहळू पसरतं. आपल्या शाळेच्या मैदानावरून जो अरबी समुद्र दिसतो, त्यात दूर आत, तीन-चार हजार मीटर खोलीवर, पाण्याचं तापमान २ अंशांच्या आसपास असतं. वर २८ अंश आणि तळाशी २! तो थंडावा मुळात अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यातून आलेला आहे.

वेडेल समुद्रात तर १९७४, १९७५ आणि १९७६ अशा सलग तीन हिवाळ्यांत बर्फाच्या मधोमध एक प्रचंड भोक पडलेलं उपग्रहांना दिसलं. सुमारे अडीच लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. तिथं खालचं उबदार पाणी वर येत राहिलं, उष्णता हवेत सोडून थंड होत राहिलं आणि बुडत राहिलं. मधला पडदा फाटला की समुद्र काय करू शकतो, याचा तो नमुना होता.

आता उत्तरेकडे परत येऊ, कारण तिथं हा जमाखर्च आपल्या हयातीतच बदलला आहे. आपण शाळेत होतो तेव्हा, १९८० च्या सुमारास, मध्य आर्क्टिकमध्ये हिवाळ्यातल्या बर्फाची सरासरी जाडी साडेतीन मीटरच्या आसपास होती. पाणबुड्यांनी खालून आणि उपग्रहांनी वरून घेतलेल्या मापांनुसार २००८ पर्यंत ती दोन मीटरच्या आत आली. चार वर्षांहून जुना, मुरलेला बर्फ तेव्हा हिवाळ्यात एक-तृतीयांश होता. आता तो पाच टक्केही उरलेला नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिथला एकूण बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरला, हा उपग्रहांच्या नोंदींतला नीचांक आहे.

इथं हुशार विद्यार्थी हात वर करील. "सर, स्टेफानच्या नियमानं पातळ बर्फ भरभर वाढतो. मग हिवाळ्यात तो आपोआप भरून यायला हवा." अगदी बरोबर. तसं होतंही. म्हणूनच दर मार्चमध्ये समुद्र पुन्हा मोठ्या प्रमाणात झाकलेला दिसतो. पण भरभर वाढायचं म्हणजे भरभर उष्णता सोडायची. उन्हाळ्यात स्वच्छ हिम ८५ टक्के ऊन परत फेकतं. उघडा समुद्र ९० टक्क्यांहून जास्त पिऊन टाकतो. ती प्यालेली उष्णता शरद ऋतूत आणि हिवाळ्यात हवेत सोडली जाते. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापला आहे, आणि ही वाढ उन्हाळ्यात कमी, पण शरदात आणि हिवाळ्यात सर्वांत जास्त आहे. ऊन नसलेल्या ऋतूत तापमान सर्वांत जास्त वाढावं, हे ऐकायला विचित्र वाटतं. जमाखर्च मांडला की विचित्र वाटत नाही.

आणि आता तो क्षारतेचा पडदा. सैबेरियाच्या बाजूला, आर्क्टिकच्या पूर्वेकडच्या खोऱ्यात, शास्त्रज्ञांनी समुद्रात उपकरणं टांगून वर्षानुवर्षं नोंदी घेतल्या. २००७-०८ च्या हिवाळ्यात खालच्या अटलांटिक पाण्यातून वर येणारी उष्णता चौरस मीटरमागे ३ ते ४ वॅट होती. २०१६ ते २०१८ मध्ये ती १० च्या वर गेली. आकडा किरकोळ वाटेल. पण आपली वरची गळती किती होती? १५. त्यातले साडेतीन खालून आले, तर बाकीचे साडेअकरा पाणी गोठून येतात आणि दिवसाला तीन मिलिमीटरच्या थोडा वर बर्फ वाढतो. दहा खालून आले, तर गोठून यायचे पाचच उरतात आणि बर्फ दिवसाला दीड मिलिमीटरही वाढत नाही. वर थंडी तीच, रात्र तेवढीच, आणि बर्फाची कमाई निम्म्याहून कमी. मला आज एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे. ध्रुवावरचा बर्फ केवळ उन्हाळ्याच्या उन्हानं संपत नाही. हिवाळ्याच्या अंधारात, चौरस मीटरमागे पाच-सात वॅटच्या फरकानं, त्याची शिल्लक ठरते.

तरंगता बर्फ वितळून समुद्राची पातळी जवळजवळ वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा टाकून कोणीही पाहू शकतं. पण त्या समुद्राच्या शेजारीच ग्रीनलंड आहे आणि तिथला बर्फ जमिनीवरचा आहे. तो वितळला तर पाणी आपल्या खाडीपर्यंत येतं. शिवाय त्या किनाऱ्यावर इन्युइट माणसं राहतात. हिवाळ्यातला बर्फ हाच त्यांचा रस्ता आणि तीच त्यांची शिकारीची वाट. एरवी दरवर्षी घट्ट असणारी वाट पायाखाली फुटते, तेव्हा त्यांना वॅटचा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नाही.

या कामात आपला देशही आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. त्याचं 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून स्पिट्सबर्गेनवरच्या न्यू-ऑलेसुंद इथं, ७९ अंश उत्तरेला आहे. २०१४ मध्ये तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या अरुंद खोल फाट्यात, भारतानं आपली उपकरणं पाण्याखाली सोडली. अटलांटिकचं उबदार पाणी आत किती येतं, हे ती वर्षभर मोजू शकतात. आणि डिसेंबर २०२३ पासून भारताच्या हिवाळी मोहिमा सुरू झाल्या. याआधी आपली माणसं तिथं मुख्यतः उन्हाळ्यात जात. हिवाळ्यात जाणं का महत्त्वाचं, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको. २०१९ मध्ये जर्मनीचं 'पोलारस्टेर्न' जहाज फ्रामसारखंच बर्फाला बांधून वीस देशांच्या शास्त्रज्ञांनी वर्षभर वाहू दिलं, तेही हिवाळ्याच्या नोंदींसाठीच. दुर्बीण रोखून हे काम होत नाही. उणे चाळीस अंशांत कोणीतरी बाहेर जाऊन बर्फाला भोक पाडावं लागतं, पट्टी घालावी लागते आणि आकडा लिहावा लागतो.

आता शेवटची दोन मिनिटं. सकाळी प्रयोगशाळेच्या निधीची घोषणा झाली. संगणक येतील, पडदा येईल, चांगलंच आहे. माझी विनंती एवढीच की त्या यादीत दोन डझन चांगले तापमापी आणि एक शीतपेटीही घाला. आणि पुढचा प्रयोग नववीच्या मुलांना करू द्या. एकसारखे काही डबे घ्या. निम्म्यांत साधं पाणी, निम्म्यांत लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेलं पाणी. डब्यांना खालून आणि बाजूंनी थर्मोकोल लावा, वरून उघडे ठेवा, म्हणजे थंडी फक्त वरून जाईल. वर आणि तळाशी तापमान लिहीत राहा. साध्या पाण्यात होपचं उपकरण दिसेल, खारट पाण्यात दिसणार नाही. साध्या पाण्याचा एकेक डबा ठरावीक वेळानं काढून बर्फाची जाडी मोजा. दुप्पट जाडीला चौपट वेळ लागतो का, ते मुलांनाच ठरवू द्या. एका डब्यावर बर्फ धरला की कापसाचा थर ठेवा, गोधडीचा परिणाम कळेल. आणि खारट डब्यातला बर्फ निथळून, वितळवून त्याची चव घ्या, मग खाली उरलेल्या पाण्याची घ्या. मीठ कुठं गेलं, हे जिभेला कळेल.

आपल्या सरांनी आणि बाईंनी आपल्याला आकडा स्वतः वाचायला लावला, शेजारच्याच्या वहीतून उतरवू दिला नाही. या विषयात आज जे काही ठामपणे सांगता येतं, ते अशाच शिस्तीतून आलेलं आहे. ती शिस्त या प्रयोगशाळेत पुढच्या मुलांना मिळावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि सर्व गुरुजनांना वंदन करून थांबतो.